लाल शाईला न जुमानणारी चूक

कोल्हापूरच्या आसपासच्या गावातली पाचवीतली एखादी मुलगी डोळ्यांसमोर आणा. 'माझा दिनक्रम' या निबंधात ती लिहिते : 'मी सकाळी सहाला उठतो. मी आईला पाणी भरू लागतो. मग मी शाळेत जातो.' बाई प्रत्येक 'तो'भोवती लाल गोल काढतात आणि वर 'ते' लिहितात. पुढच्या निबंधात पुन्हा 'मी खेळलो', 'मी दमलो'. पुन्हा गोल. सातवीत गेली तरी तेच. मुलगी ढ म्हणावी, तर डेअरीत दुधाचं फॅट बघून दराचा हिशेब तोंडी करते. मग 'मुलगी असलीस तर जाते लिहायचं' एवढी साधी गोष्ट तिच्या डोक्यात का शिरत नाही?

महाराष्ट्रातल्या कुठल्याही शिक्षकाला हे कोडं नवं नाही. तालुका बदलला की फक्त चूक बदलते. वऱ्हाडात 'मले' दुरुस्त करून करून हात दुखतो, धुळ्याकडे 'मना भाऊ', सिंधुदुर्गात 'माका'. सगळीकडे तक्रार एकच : किती वेळा सांगितलं तरी मूल परत तेच लिहितं.

कोड्याचं उत्तर असं, की मुलगी चुकत नाही. ती नियम पाळते आहे. फक्त तो नियम बाईंच्या पुस्तकातला नाही.

आजी, आई, आत्या आणि 'मी येतो'

कोल्हापूरकडच्या बोलीत बाई 'मी येतो', 'मी गेलो' असंच म्हणते. बोलणारी व्यक्ती स्वतःबद्दल बोलत असेल तर क्रियापदावर स्त्री-पुरुष भेद दाखवायचा नाही, हा त्या बोलीचा नियम. मुलीने तो आजीच्या, आईच्या, आत्याच्या तोंडून हजारो वेळा ऐकलेला आहे. 'ती येती', 'तो येतो' हा भेद मात्र ती बरोबर करते. म्हणजे लिंगभेद तिला कळत नाही असं नव्हे. 'मी'पाशी तो लागत नाही, इतकंच.

यात काही विचित्र वाटत असेल तर प्रमाण मराठीकडेच बघा. 'आम्ही जातो' हे पुरुषही म्हणतात आणि बायकाही. 'मी जाईन', 'मी जाऊ का?' इथेही भेद नाही. प्रमाण भाषेने 'मी जातो/जाते', 'मी गेलो/गेले' अशा मोजक्या जागी भेद केला, कोल्हापूरने तिथेही केला नाही. तर्काच्या कसोटीवर कोल्हापूरचं पारडं हलकं नाही, उलट ते जरा जास्तच नीटनेटकं आहे.

आता लाल गोल मुलीला काय सांगतो? 'हे चूक.' पण तिचा कान सांगतो, हे बरोबर. दोघांपैकी कानाची साक्ष जुनी आणि भक्कम. गोलामागचं कारण कुणी उलगडून सांगत नाही. म्हणून तिला एवढंच समजतं, की बाईंना 'ते' आवडतं. बाई समोर असताना ती 'ते' लिहिते, मजकुरात रमली की 'तो'वर येते.

हलगर्जीपणा की नियम?

निष्काळजीपणाची चूक आणि बोलीचा नियम यांत फरक ओळखायची एक सोपी खूण आहे. हलगर्जीपणा कुठेही, कसाही होतो. नियम मात्र ठरावीक जागीच लागतो आणि तिथे जवळपास दर वेळी लागतो.

ग्रामीण महाराष्ट्रात ठिकठिकाणी मुलं 'वेळ'ला 'येळ' लिहितात, 'विहीर'ला 'इहीर', 'वीस'ला 'ईस'. पण 'वाट'चं 'याट' किंवा 'वड'चं 'यड' झालेलं कुणाच्या वहीत सापडणार नाही. 'वारा', 'वासरू', 'वांगं' सगळी जागच्या जागी. का? कारण शब्दाच्या सुरुवातीच्या 'व'पुढे इ किंवा ए हा स्वर आला, तरच तो व गळतो किंवा त्याचा य होतो. हा नियम या मुलाला कुणी शिकवलेला नाही, विचारला तर त्याला सांगताही येणार नाही, तरी तो सहसा चुकत नाही. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला जो नियम वर्गात लिहून घ्यावा लागतो, तो या मुलाच्या जिभेवर आयता आहे.

मालवणी मुलाचं उदाहरण याहून मजेदार आहे. तो लिहितो : 'बाबा बाजारात गेलो.' प्रमाण मराठीची सवय असलेला वाचक चक्रावतो. गेलं कोण, बाबा की लिहिणारा? शेऱ्यात येतं, 'कर्ता-क्रियापद जुळत नाही.' पण मालवणीत 'तो गेलो', 'घोडो', 'मोठो' अशी पुल्लिंगी रूपं ओकारान्तच असतात. 'मी'साठी रूप वेगळं : 'मी गेलंय'. म्हणजे त्याच्या बोलीत कर्ता आणि क्रियापद अगदी नीट जुळलेले आहेत. गडबड फक्त एवढीच, की त्याचं 'तो'चं रूप आपल्या 'मी'च्या रूपासारखं दिसतं.

*चौकट : वहीतल्या काही 'चुका' आणि त्यामागचे नियम*

डोया, शाया, पोया (वऱ्हाड, खानदेश) : प्रमाण भाषेतल्या 'ळ'च्या जागी बहुधा य.

मले, तुले, त्याले (वऱ्हाड) : 'ला' प्रत्ययाच्या जागी ले.

मना भाऊ, तुनी वही (अहिराणी) : चा-ची-चे या जागी ना-नी-नं. लिंगानुसार बदलण्याची रीत मात्र तीच.

करून राहिलो (वऱ्हाड, नागपूर) : 'करत आहे' या अर्थाने. प्रमाण भाषेच्या कानाला काम होऊन गेल्यासारखं वाटतं, म्हणून इथे नुसती चूक दाखवून भागत नाही, अर्थही उलगडावा लागतो.

म्या केलं : जुन्या मराठीत 'म्यां' हेच रूप होतं. मूल नवं काही करत नाही, जुनं जपतं.

'पानी' आणि 'अभिमाण'

सगळ्यांत जास्त चेष्टा होते ती न आणि ण यांची. 'पानी', 'लोनी', 'कोन' म्हणणारा मुलगा वर्गात उभा राहिला की मागच्या बाकावरून हसू येतं. गंमत अशी, की हाच शब्द हिंदीच्या तासाला 'पानी' असाच लिहायचा असतो आणि तिथे तो शुद्ध असतो. एका तासात अडाणी ठरलेला उच्चार पुढच्या तासाला पैकीच्या पैकी गुण मिळवतो. उच्चारात जात्याच काही खोट असती तर असं झालं नसतं.

या चेष्टेचा परिणाम बघण्यासारखा असतो. न आणि ण यांचा भेद ज्याच्या बोलीतच नाही, त्याला कुठल्या शब्दात काय हे कानावरून कळायला मार्ग नसतो. त्याला एवढंच समजलेलं असतं, की 'न' धोक्याचा आहे. मग तो 'ण'चा सढळ वापर सुरू करतो : 'अभिमाण', 'अपमाण', 'मण लावून अभ्यास'. याला आपण आणखी हसतो. खरं तर ही चूक बोलीची नाही, आपल्या शिकवण्याची आहे. आपण भीती दिली, नियम दिला नाही. इथे शब्दच लक्षात ठेवावे लागतात, आणि त्यासाठी 'पाणी, लोणी, कोण, आणि, म्हणून' अशा रोजच्या वापरातल्या शब्दांपासून सुरुवात केली तर निम्मी लढाई तिथेच संपते.

लिहिताना डोक्यात काय चालतं

लिहिणारं मूल एका वेळी बरीच कामं करत असतं. काय सांगायचं ते आठवायचं, क्रम लावायचा, वाक्य जुळवायचं, ऱ्हस्व-दीर्घ बघायचं, अक्षर नीट काढायचं. मनात एका वेळी मावेल त्याला मर्यादा आहे. त्यात 'घरचा शब्द तर आला नाही ना' ही पहारेदारी वाढली, की कुठलं तरी काम सुटतं. बहुतेक वेळा जे सुटतं ते पहिलं काम, म्हणजे काय सांगायचं ते.

मग मूल शहाणपणाचा मार्ग काढतं : जेवढं नक्की बरोबर येतं तेवढंच लिहायचं. 'माझी आई खूप छान आहे. ती मला खूप आवडते. ती खूप काम करते.' आठवीच्या वहीत असा निबंध वाचला की मला शुद्धलेखनाचं समाधान वाटत नाही, धास्ती वाटते. हेच मूल मधल्या सुट्टीत, आदल्या रात्री गोठ्यात साप निघाला तेव्हा आईने काय केलं, हे दहा मिनिटं श्वास रोखून ऐकावं असं सांगत असतं. त्या गोष्टीतली आई आणि वहीतली आई यांची ओळखदेख नसते.

प्रमाण म्हणजे कुणाचं?

प्रमाण मराठी आकाशातून पडलेली नाही. एकोणिसाव्या शतकात शाळा, छापखाने आणि कचेऱ्या सुरू झाल्या तेव्हा एक ठरावीक रूप हवं होतं. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली निघाला, दादोबा पांडुरंगांचं व्याकरण 1836 साली. पुण्याकडच्या शिकलेल्या, मुख्यतः ब्राह्मण वर्गाच्या भाषेला पाया मानलं गेलं, कारण लिहिणारे-छापणारे बहुतेक त्याच वर्तुळातले होते. मुंबई किंवा नागपूर तेव्हा केंद्रस्थानी असतं, तर कदाचित आज पुण्यातल्या मुलांच्या वह्या लाल झाल्या असत्या.

शिवाय हे रूप स्थिरही नाही. 'नांव', 'कांहीं', 'घरें' असे अनुस्वार दिले नाहीत म्हणून आपल्या आजोबांचे गुण कापले गेले. पुढे मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम आले, 1962 साली चौदा आणि 1972 साली आणखी चार, आणि तेच अनुस्वार दिले म्हणून नातवांचे गुण कापले जाऊ लागले. 'असं केलं' ही बोलण्यातली रूपं कधी काळी नुसती संवादात खपवून घेतली जायची. आता अख्खे लेख त्यांत लिहिले जातात, हाही.

लिहिल्याप्रमाणे घरी कुणीच बोलत नाही. पुण्याच्या सदाशिव पेठेतलं मूलसुद्धा 'पायजे' म्हणतं आणि 'पाहिजे' लिहितं. म्हणजे घरच्या भाषेकडून वहीच्या भाषेकडे सगळ्यांनाच जावं लागतं. कुणाला गल्ली ओलांडायची असते, कुणाला नदी. गुण मात्र दोघांना एकाच मापाने मिळतात.

दोन खेळ, दोन नियमपुस्तकं

मग करायचं काय? प्रमाण भाषा शिकवायचीच नाही, मुलांना हवं तसं लिहू द्यावं, असं म्हणणारे काही लोक आहेत. त्यांतल्या बऱ्याच जणांची स्वतःची मुलं प्रमाण भाषा घरूनच घेऊन आलेली असतात, एवढं नम्रपणे नोंदवतो. दहावीचा पेपर, तलाठ्याची परीक्षा, बँकेतला अर्ज, वर्तमानपत्राला पत्र हे सगळं त्या भाषेत चालतं. ती न शिकवणं म्हणजे गावातल्या मुलाला गावातच ठेवणं. शिकवायची का हा वाद नाहीच, कशी शिकवायची हा आहे.

कबड्डीतला तरबेज चढाईपटू पहिल्यांदा खो-खोच्या मैदानावर आला, तर तो पाठलाग करताना अर्ध्यातून दिशा बदलेल आणि फाऊल होईल. शहाणा प्रशिक्षक त्याला 'तुला धावताच येत नाही' असं म्हणत नाही. तो म्हणतो, 'तिकडे चालतं, इकडे नाही. इकडचा नियम असा.' त्याचे पाय तेच राहतात, कबड्डीही सुटत नाही.

वर्गात हे असं दिसतं. फळ्याचे दोन भाग करायचे. डावीकडे 'घरी बोलतो तसं', उजवीकडे 'वहीत लिहितो तसं'. कोल्हापूरच्या वर्गात डावीकडे मुलांनीच सांगितलेली वाक्यं लिहायची : 'मी जातो' (मुलगा), 'मी जातो' (मुलगी), 'आम्ही जातो'. उजवीकडे पुस्तकातली : 'मी जातो', 'मी जाते', 'आम्ही जातो'. मग विचारायचं, फरक कुठे दिसतो? नियम आपण सांगायचा नाही. दोन मिनिटांत कुणीतरी ओरडतं, 'बाई, घरी दोघांचं सारखं, वहीत मुलीचं वेगळं, पण आम्ही म्हटलं की परत सारखं!' इतकं नेमकं व्याकरण पाठ्यपुस्तकातही क्वचित सापडतं, आणि मुलाने ते स्वतः शोधलेलं असल्याने ते टिकतं.

दुसरी पायरी वेळेची. पहिलं लेखन होऊ द्यायचं, घरचे शब्द येवोत, वाक्यं वाकडी होवोत. मजकूर पुरा झाला की मुलांनी स्वतःची वही एकाच गोष्टीसाठी पुन्हा वाचायची. या आठवड्यात फक्त 'मी' शोधा आणि पुढचं क्रियापद तपासा. पुढच्या आठवड्यात दुसरा नियम. अठरा चुका एकदम दाखवल्या तर मूल एकही बघत नाही, नुसता खाली लिहिलेला आकडा बघतं.

या पद्धतीची पारख अमेरिकेत झालेली आहे. तिथल्या कृष्णवर्णीय मुलांच्या घरच्या इंग्रजीत 'शी वॉक्स' ऐवजी 'शी वॉक' असतं आणि तिथेही शाळा अनेक वर्षं लाल शाईच वापरत होत्या. शिकागोजवळच्या ऑरोरा विद्यापीठात हॅनी टेलर यांनी विद्यार्थ्यांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीसारख्या चुका दाखवल्या, दुसऱ्या गटाला घरची आणि शाळेची रूपं शेजारी ठेवून फरक शोधायला लावला. अकरा आठवड्यांनी दुसऱ्या गटाच्या लेखनातली घरची रूपं 59.3 टक्क्यांनी कमी झाली. पहिल्या गटात ती 8.5 टक्क्यांनी वाढली. गट लहान होते, म्हणून आकड्यांना फार कवटाळू नये. पण दिशा लक्षात घेण्यासारखी आहे. टेलर यांचं पुस्तक 1989 सालचं. त्याआधी 1979 साली मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बर गावच्या एका खटल्यात न्यायालयाने शाळा मंडळाला बजावलं होतं, की मुलांची घरची बोली ओळखायला आणि वाचन शिकवताना ती लक्षात घ्यायला शिक्षकांना शिकवा. नॉर्वेच्या संसदेने तर 1878 सालीच ठरवलं, की शक्य तिथवर शिकवणं मुलांच्या बोलीभाषेतच व्हावं. तिथली मुलं आजही वर्गात बिनदिक्कत आपापल्या बोलीत बोलतात आणि प्रमाण भाषेत लिहितात.

शब्द दुरुस्त करायचे नसतात

नियम आणि शब्द यांत गल्लत होते. 'मले' हे रूप वहीत बदलायला शिकवावं, पण 'डवरणी' कशासाठी? विदर्भातलं मूल कपाशीच्या डवरणीबद्दल लिहितं आणि बाहेरून आलेले गुरुजी तिथे 'आंतरमशागत' करतात. पश्चिम महाराष्ट्रात त्यालाच 'कोळपणी' म्हणतात. दोन्ही अस्सल मराठी शब्द आहेत, दोन्हींत ते औजार आणि ते काम डोळ्यांपुढे उभं राहतं. 'आंतरमशागत' कृषी खात्याच्या पत्रकात शोभतं. मुलाने डवरणी हा शब्द ठेवावा आणि वाचकासाठी एका वाक्यात समजावून सांगावा. हे लेखनाचं फार मोठं कौशल्य आहे, आणि ते शब्द खोडून शिकवता येत नाही.

तसंच संवादाचं. गोष्टीतली आजी 'मला ठाऊक नाही रे बाळा' असं बोलू लागली की गोष्ट तिथेच मरते. निवेदन प्रमाण भाषेत, बोलणं बोलीत, ही वाट आपल्या कादंबऱ्यांनी केव्हाच पाडलेली आहे. उद्धव शेळक्यांची 'धग' (1960) वऱ्हाडी संवादांशिवाय कल्पनेतही येत नाही. आनंद यादवांनी 'गोतावळा'त (1971) निवेदनही बोलीतच केलं. बहिणाबाई चौधरींच्या कविता बालभारतीच्या पुस्तकांतून पिढ्यानपिढ्या शिकवल्या जातात. त्यांचा संग्रह 1952 साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह आला तेव्हापासून महाराष्ट्र त्यांच्या भाषेचं कौतुक करतो आहे. मग जळगावच्या मुलाने तीच भाषा निबंधात वापरली की तिच्यावर फुली का पडते, असं त्याने विचारलं तर काय सांगणार?

इथे एक खबरदारी. बोलीला कविता, विनोदी नाटक आणि ग्रामीण दुःख एवढ्याच खोल्या भाड्याने द्यायच्या आणि विचार करायला प्रमाण भाषेचा दिवाणखाना ठेवायचा, हेही बरं नाही. मोटर का जळली, बोंडअळी का वाढली, दुधाला दर का पडला, हे मूल बोलीत उत्तम समजावतं. विज्ञानाच्या पेपरात 'पान्याची वाफ व्हते' हे उत्तर पूर्ण बरोबर आहे. तिथे गुण कापले तर आपण विज्ञान तपासत नाही.

ही पद्धत जिथे अपुरी पडते

दोन रकान्यांचा हा मार्ग बोली आणि प्रमाण भाषा एकाच घरच्या असल्या तरच चालतो. मेळघाटातली कोरकू मराठीची बोली नाही. ती मुंडा कुळातली भाषा आहे. गडचिरोलीतली गोंडी आणि यवतमाळकडची कोलामी द्राविड कुळातल्या. तिथल्या मुलासाठी मराठी ही सरळसरळ दुसरी भाषा आहे, आणि 'मी जातो-जाते'च्या आधी त्याला 'जाणे' म्हणजे काय इथपासून सुरुवात हवी. त्या मुलाच्या वहीला 'बोलीचा प्रभाव' असा शेरा देणं म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्या मराठी मुलाला 'तुझ्या इंग्रजीवर गावंढळपणाचा प्रभाव आहे' असं सांगण्यासारखं होईल. तिथे घरच्या भाषेतली गोष्टींची पुस्तकं आणि ती भाषा बोलणारा माणूस वर्गात असणं, याला पर्याय नाही.

राहिला प्रश्न बदलीवर आलेल्या शिक्षकांचा. विदर्भातले गुरुजी कुडाळला आले, तर मालवणी त्यांनाही परकीच. पण पहिल्या महिन्यात मुलांच्या वह्यांतून पुन्हा पुन्हा येणारी रूपं एका वहीत उतरवून घेतली, प्रत्येकापुढे 'हे कुठे कुठे येतं?' एवढं लिहिलं आणि अडलं तिथे मुलांनाच विचारलं, तर पहिल्या सत्राअखेर त्या गावच्या बोलीचे मुख्य नियम हाताशी असतात. मुलं अशा वेळी खूश होऊन सांगतात, आणि गुरुजी 'गेलंय' चुकीच्या जागी वापरतात तेव्हा त्यांना न कचरता दुरुस्तही करतात.